गेटवरचा चंदेरी अंबाडा

फोन शुक्रवारी सकाळी नऊला आला.

"मॅडम, मी नीरज खटावकर बोलतोय. लक्ष्मीबाई नगरमधून. बुधवारी बायको हरवल्याची तक्रार दिली होती मी." आवाज दबका होता. शेजारच्या खोलीतलं कुणीतरी ऐकेल अशी भीती असावी तसा. "हेड कॉन्स्टेबल म्हणतायत की फाइल बंद होईल. ती आपल्या पायांनी गेली म्हणे. म्हातारीचं सोंग घेऊन."

"सोंग घेऊन?" इन्स्पेक्टर उल्का जगदाळे खुर्चीत सरळ झाली.

"केस पांढरे करून. ते सिल्व्हर करतात ना, तसे. घरीच केले म्हणतात. मॅडम, तुम्ही मराठी आहात असं कळलं म्हणून थेट फोन केला. मला हे खरं वाटत नाहीये."

"का वाटत नाही?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"रविवारी आम्ही दोघं मिळून हे घर सोडणार होतो, मॅडम. मग ती बुधवारी एकटी कशाला पळून जाईल?"

उल्काने गाडी काढायला सांगितली.

ती मूळची कराडची. वीस वर्षं दिल्ली पोलिसांत गेली होती. शहरातली माणसं कशी हरवतात हे तिला ठाऊक होतं. बहुतेक जण आपणहून परत येतात. काही येत नाहीत. जे येत नाहीत, त्यांच्या बाबतीत पहिले दोन दिवस महत्त्वाचे असतात, आणि ते दोन्ही दिवस आज दुपारी संपत होते.

नोव्हेंबरचा धूर कॉलनीवर बसला होता. दहा वाजले तरी सूर्य नुसता पिवळट ठिपका दिसत होता, आणि गेटमधून येणाजाणाऱ्या निम्म्या लोकांच्या तोंडावर मास्क होते. खटावकरांच्या ब्लॉकमागची सरकारी क्वार्टर्स रिकामी करून पाडायला काढली होती. तिथे मशीन धडधडत होतं. एवढं की गेटवरच्या गार्डशी बोलायला त्याच्या कानाजवळ जावं लागलं.

"सुबह आठ से शाम छह, यही शोर है मॅडम जी," गार्ड मुरलीधर म्हणाला. "कल तो पीछे वाले गॅरेज भी टूटेंगे."

उल्काने तिकडे पाहिलं. जुन्या स्कूटर-गॅरेजांची एक रांग होती. प्रत्येक दारावर लाल रंगाची फुली. बहुतेकांच्या कड्या-कोयंडे भंगारवाल्यांनी उपटून नेले होते आणि दारं आ वासून उभी होती. एका दाराला मात्र कुलूप दिसत होतं, नवं, पिवळं.

"वो ठेकेदार का सामान होगा," मुरलीधर म्हणाला.

"पीछे का गेट?"

"छह महीने से बंद. पत्रे ठोक दिए हैं. आना-जाना सब इधर से, मेरे सामने से."

खटावकरांचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार नीरजने उघडलं. वय तिशीचं, मंत्रालयात असिस्टंट सेक्शन ऑफिसर, डोळे सुजलेले. त्याच्या मागे त्याची आई उभी होती, कौशल्याबाई. एकसष्ट वर्षांची ताठ बाई. इस्त्रीची फिकट साडी, आणि घट्ट बांधलेला काळाभोर अंबाडा.

"या बाई, या. आपल्याकडचं माणूस आलं, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "इथल्या पोलिसांना काय सांगायचं आणि किती सांगायचं! बसा. चहा टाकते."

"चहा नंतर, काकू. आधी बुधवारचं सांगा."

कौशल्याबाई सोफ्यावर आपल्या नेहमीच्या जागी बसल्या. पाठीशी विणलेलं पांढरं कव्हर होतं. त्या डोकं टेकत तिथे कव्हरावर काळपट डाग पडला होता. तेलाचा असेल, उल्काच्या मनात आलं.

"सृष्टी त्या दिवशी ऑफिसला गेली नाही. नोएडाला जाते ना ती, कुठल्याशा चॅनेलमध्ये. घरूनच काम करते म्हणाली. दीडला बाथरूममध्ये शिरली. अर्ध्या तासाने डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आली. मी म्हटलं, दुपारची कसली न्हातेस? तर काही बोलली नाही. दोनला मी पिशवी घेऊन सरोजिनीच्या बाजारात गेले. पाचच्या सुमाराला आले तर घर रिकामं. पर्स नाही, फोन नाही, तिची ती मरून शाल नाही."

"आणि केसांचं कधी कळलं?"

"काल. वॉशिंग मशीनच्या मागे झाडू घातला, तर हे सगळं निघालं." त्यांनी बाथरूमकडे हात केला. "आजकालच्या मुली. जमिनीवरचं घर नको. पंधराव्या मजल्यावर राहून माणसाचे पाय लागतात का कुठे?"

नीरज पाणी आणायला स्वयंपाकघरात गेला होता.

"पण काकू," उल्काने विचारलं, "ती रोज नोकरीला जायची. कुणी अडवत नव्हतं. मग पळून जायला सोंग कशाला हवं?"

"ते तिला माहीत. कुणी मागे येऊ नये म्हणून असेल. कुणीतरी वाट बघत असेल तिची." त्यांनी पदराने डोळे टिपले. पदर डोळ्यांना लागला, पण कपाळाच्या वर गेला नाही.

बाथरूममध्ये हेड कॉन्स्टेबल राजबीरने सामान एका पिशवीत घालून ठेवलं होतं. जांभळट डाग पडलेला प्लास्टिकचा वाडगा, एक ब्रश, 'सिल्व्हर' लिहिलेली अर्धी पिळलेली ट्यूब, जांभळ्या शाम्पूची बाटली. बेसिनच्या कडेलाही जांभळा ओघळ वाळला होता. सृष्टीच्या कंगव्यात पाचसहा लांब केस अडकले होते. उल्काने ते खिडकीशी धरले. काळे. वरून जांभळ्याची किंचित झाक.

तिने पिशवी पुन्हा उघडून पाहिली. कचऱ्याची बादली पाहिली. कपाटातलं वरचं फळकूट चाचपलं. आणखी काही सापडलं नाही.

लॉकडाऊनमध्ये घरी बसून उल्कानेही हा उद्योग केला होता. चार तास गेले होते, आणि केस चांदीऐवजी गाजराच्या रंगाचे झाले होते. पंधरा दिवस ती टोपी घालून ड्यूटीवर जात होती. तेव्हापासून तिने तो नाद सोडला. आता तिचे केस आपोआप पिकत होते.

"नीरज, जरा गच्चीवर येता?"

गच्चीवर मशीनचा आवाज जास्तच येत होता. खाली भिंत कोसळली आणि धुळीचा लोट वर आला.

"बुधवारी तुम्ही कुठे होतात?"

"ऑफिसमध्ये. पावणेनऊला गेलो, साडेसहाला आलो. हजेरी मशीनवर आहे. विचारा तिथे."

"विचारलंय. मंगळवारी तुमच्या घरातून भांडणाचा आवाज आला असं समोरच्या साधनाबाईंनी राजबीरला सांगितलंय."

नीरजचा चेहरा पडला. "आला असेल. सृष्टी म्हणत होती, आईला आजच सांग. मी म्हणत होतो, शनिवारी सांगतो."

"काय सांगायचं होतं?"

"आम्ही नोएडात फ्लॅट भाड्याने घेतलाय ते. आई तीस वर्षं या कॉलनीत आहे, मॅडम. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. तिचं माझ्याशिवाय कुणी नाही. मला तोंडच उघडता येईना."

"म्हणजे आईंना अजून माहीत नाही?"

"नाही. बिल्कुल नाही. आम्ही घरात त्यावर बोलायचोही हळू."

"सृष्टीला केस रंगवायची आवड होती?"

"अजिबात नाही. आणि रंग घरात आणणं तर शक्यच नाही. आईला हेअर डायची भयंकर ॲलर्जी आहे. सहा वर्षांपूर्वी चेहरा एवढा सुजला होता की दोन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. तेव्हापासून घरात रंगाची बाटली आलेली नाही."

उल्काने त्याच्याकडे रोखून पाहिलं. तो खरं बोलत होता, किंवा फार चांगलं खोटं. नवरा कामावर होता असं हजेरीचं मशीन सांगत होतं. पण नवऱ्यांसाठी काम करणारी माणसं मिळतात, हेही तिला माहीत होतं.

खाली उतरताना साधनाबाईंनी दार किलकिलं केलं. त्या सांगलीकडच्या. त्यांचे यजमान रेल्वे बोर्डात होते.

"काही लागला का पत्ता?"

"अजून नाही. सासू-सुनेचं कसं होतं हो?"

"कौशल्याताईंबद्दल एक शब्द वावगा बोलता येणार नाही. पहाटे साडेचारला उठून, आंघोळ करून, तयार. इतक्या वर्षांत त्यांना मोकळ्या केसांनी पाहिलं नाही कुणी. आणि या वयात एक पांढरा केस नाही बघा! आम्ही सगळ्या जळतो." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "नीरजचा आवाज मात्र मंगळवारी फार चढला होता. 'थांब जरा' असं ओरडला. मी ऐकलं."

गेटशेजारच्या खोलीत उल्काने बुधवारचं रेकॉर्डिंग लावलं. राजबीर मागे उभा होता.

"तीन दस, मॅडम," तो म्हणाला. "ये देखिए."

पडद्यावर एक म्हातारी गेटकडे येत होती. मरून शाल खांद्यांभोवती लपेटलेली, तोंडावर मास्क, कंबरेत थोडी वाकलेली. मानेवर चंदेरी अंबाडा. धुरकट उजेडातही तो चमकत होता. कॅमेऱ्याखाली आल्यावर तिने मान आणखी खाली घातली आणि ती बाहेर पडली. शाल सृष्टीचीच होती, नीरजने ती ओळखली होती. सृष्टीचा फोन तीन चाळीसला सरोजिनी नगर मेट्रोपाशी बंद झाला होता.

"पूरी कॉलनी में पूछा. इस बुढ़िया को कोई नहीं जानता," राजबीर म्हणाला. "लड़की खुद थी. क्लिअर है."

"तूने बुधवार का कितना टेप देखा?"

"लड़की को ढूँढते हुए... दो से पाँच."

"लड़की को ढूँढा. बाकी किसको देखा?"

राजबीरने माऊस तिच्या हाताशी सरकवला.

उल्काने रेकॉर्डिंग सकाळी आठपासून लावलं आणि एक कोरा कागद घेतला. डावीकडे बाहेर जाणाऱ्या बायका, उजवीकडे आत येणाऱ्या. मुरलीधर एकेक नाव सांगत गेला. दहावीतली मुलगी, कामवाल्या, बँकेतल्या बाई, साधनाबाई आणि त्यांची नात. चार पन्नासला कौशल्याबाई आत येताना दिसल्या. ताठ चाल, काळाभोर अंबाडा, हातातली कापडी पिशवी तट्ट फुगलेली, वर मेथीची जुडी.

रेकॉर्डिंग संपलं तेव्हा उल्काने कागदाच्या दोन्ही बाजू बोटाने जुळवल्या. एकदा जुळवल्या, पुन्हा जुळवल्या.

मग तिने सृष्टीच्या ऑफिसात फोन लावला. तिची मैत्रीण अक्षता फोनवर आली आणि पहिल्याच वाक्याला रडायला लागली.

"ती पळून जाणं शक्य नाही, मॅडम. पडदेसुद्धा शिवायला टाकलेत तिने. बुधवारी घरून काम करते म्हणाली, कारण पुस्तकं बांधायची होती. रविवारी टेम्पो ठरवला होता."

"फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे?"

"पंधराव्या. का?"

"पुस्तकं कुठे होती तिची? घरात तर दोनचारच दिसली."

"लग्नानंतर घरात जागा नव्हती म्हणून ट्रंका खाली गॅरेजमध्ये ठेवलेल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या वाटतं, बुधवारी दुपारी चावी देते म्हणून."

उल्काने फोन ठेवला नाही. तो तिच्या हातातून टेबलावर पडला. "राजबीर, मुरलीधर, हथौड़ा लाओ! वो पीला ताला!" ती ओरडली. "ॲम्ब्युलन्स भी बुलाओ. मैं ऊपर से चाबी लेकर आती हूँ. चाबी मिले ना मिले, तुम तोड़ना शुरू करो."

पण राजबीर दाराबाहेर पडायच्या आत तिने त्याला थांबवलं. "दरवाज़ा अंदर की तरफ मत गिराना. वो दरवाज़े के पास हो सकती है."

वर कौशल्याबाई देवापाशी वात सारखी करत होत्या. नीरज खिडकीशी उभा होता. उल्का एका महिला कॉन्स्टेबलला दारात उभी करून आत आली आणि तिने दार लावून घेतलं नाही.

"काकू, गॅरेजची चावी द्या."

"कुठलं गॅरेज?"

"तुमचं. नव्या पिवळ्या कुलपाचं."

"ते तर आईने महिन्यापूर्वीच रिकामं करून दिलं, मॅडम," नीरज म्हणाला. "ट्रंकाही हलवल्यात म्हणाली होती, कॉलनीच्या ऑफिसला तसं पत्रही दिलंय. उद्या पाडणार आहेत."

"पत्र दिलंय. रिकामं नाही केलं." उल्काची नजर कौशल्याबाईंवरून हलली नाही. "चावी, काकू. खाली ते दार फोडतायत. लाकूड जुनं आहे, पण जाड आहे. तुम्ही चावी दिलीत तर पाच मिनिटं वाचतील. तिच्यासाठी आता पाच मिनिटंही पुष्कळ असतील."

कौशल्याबाईंनी वात निरांजनात ठेवली. "काय बोलता बाई तुम्ही? ती गेली. सगळ्यांनी पाहिली. केस पांढरे करून गेली."

"काळे केस असे पांढरे होत नाहीत, काकू. आधी ब्लीचची पूड लावून त्यांचा काळा रंग उतरवावा लागतो. तासन्‌तास लागतात. पहिल्यांदा ते नारिंगी होतात, मग पिवळे, आणि त्यानंतर ती जांभळी ट्यूब लावायची असते. नुसती ट्यूब काळ्या केसांना लावली तर काय होतं? काही नाही. सृष्टीच्या कंगव्यातल्या केसांना ती कुणीतरी चोळली, तरी ते काळेच आहेत. बाथरूममध्ये ब्लीचची पूड नाही, पाकीट नाही, काही नाही. आणि तुम्ही म्हणालात, ती अर्ध्या तासात बाहेर आली. हे सामान कुणीतरी बाजारातून आणलं, ज्याला डब्यावरचं चित्र माहीत होतं, कृती माहीत नव्हती. ज्याने सहा वर्षांत रंगाची बाटली हातात धरली नव्हती."

"मग गेटवर कोण होतं?" नीरजने विचारलं.

"बुधवारी मागचं फाटक बंद होतं. येणंजाणं सगळं एकाच कॅमेऱ्याखालून. तुमच्या आई चार पन्नासला भाजी घेऊन आत आल्या. रेकॉर्डिंगमध्ये आहे. पण त्या बाहेर कधी गेल्या? दोनला, असं त्या म्हणतात. मी सकाळी आठपासून पाहिलं. कौशल्या खटावकर त्या दिवशी गेटबाहेर पडलेल्याच नाहीत. बाहेर न पडता आत आलेली एक बाई आहे, आणि बाहेर पडून परत न आलेली एक म्हातारी आहे."

नीरज आईकडे बघू लागला. "पण आईचे केस..."

"तुम्ही आईचे केस कधी ओले पाहिलेत?"

तो आईच्या अंबाड्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवत नव्हतं.

"त्यांना डाय चालत नाही. सूज येते. एकसष्टाव्या वर्षी एकही पांढरा केस नाही, आणि सोफ्याच्या कव्हरावर डोक्याच्या जागी काळा डाग आहे. रोज पहाटे साडेचारला उठून त्या केसांवर धुतला की जाणारा रंग लावतात. कांडी मिळते तसली. मघाशी डोळे पुसताना पदर केसांना लागू दिला नाही त्यांनी. त्यांना केस चंदेरी करायला ट्यूब लागत नव्हती, नीरज. नुसतं पाणी लागत होतं."

घरात आवाज फक्त मशीनचा होता. त्या धडधडीत मध्येच लाकडावर हातोडा बसल्याचा आवाज येऊ लागला होता.

"काकू, सत्तावीस वर्षांची सून गेटमधून बाहेर जाताना दिसायला हवी होती. तुम्ही सृष्टीसारख्या दिसू शकत नव्हतात. म्हणून सृष्टीच म्हातारी झाली असं दाखवलंत. तिची शाल घेतलीत, मास्क लावलात, तिची पर्स आणि फोन बरोबर नेलात. फोन मेट्रोपाशी बंद केलात. तिथे कुठल्यातरी बायकांच्या टॉयलेटमध्ये रंग लावून काळे केस करून घेतलेत, शाल पिशवीत कोंबलीत, वर मेथी ठेवलीत आणि आपल्या घरी आलात. आपलं जाणं दाखवायचं मात्र राहून गेलं."

"मला कशाला असलं..."

"पंधरावा मजला. तुम्ही स्वतः म्हणालात मला. नीरजने तुम्हाला फ्लॅटचं सांगितलं नव्हतं. तुम्ही दाराआडून ऐकलं होतं."

कौशल्याबाईंनी निरांजन बाजूला सारलं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. उल्का जणू तिथे नव्हतीच.

"तू मला शनिवारी सांगणार होतास," त्या म्हणाल्या. "शनिवारी सांगायचं आणि रविवारी जायचं. एक दिवस. एवढीच किंमत माझी?"

"आई, चावी कुठे आहे?"

"ती नसती तर तू गेला नसतास. पळून गेली म्हटल्यावर चार दिवस रडला असतास, मग तिचा राग आला असता. आपण राहिलो असतो की नाही पहिल्यासारखे?"

"आई!" तो त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसला. त्याने त्यांचे दोन्ही हात धरले. "चावी दे. तुला माझी शपथ आहे. चावी दे."

त्यांचा चेहरा हलला नाही. पण हात कमरेशी गेला. साडीच्या निऱ्यांमागे खोचलेली एक छोटी पिवळी चावी त्यांनी काढली, आणि मुलाच्या हातावर ठेवली.

नीरज जिन्यावरून दोनदोन पायऱ्या उतरत गेला. उल्काने दारातल्या महिला कॉन्स्टेबलला आत बोलावलं, कौशल्याबाईंकडे बोट दाखवलं आणि ती त्याच्यामागे धावली.

राजबीरने दाराची एक फळी फोडली होती, पण कुलपाची आडवी लोखंडी पट्टी निघत नव्हती. मुरलीधर हात हलवून मशीनवाल्याला ओरडत होता. मशीन थांबलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच भर दुपारी कॉलनी एवढी शांत झाली, आणि त्या शांततेत आतून काहीच ऐकू आलं नाही.

नीरजच्या हातून चावी दोनदा घसरली. उल्काने ती घेतली, कुलूप काढलं, दार ओढलं.

आत पुस्तकांच्या ट्रंका होत्या. ट्रंकांमागे, भिंतीशी, वर्तमानपत्रं आणि एक जुना पडदा अंगावर ओढून सृष्टी पडली होती. ओठ फुटलेले. बोटांची नखं तुटलेली, दाराच्या आतल्या बाजूला त्यांचे ओरखडे होते. शेजारी पाण्याची रिकामी बाटली. केस काळे होते आणि धुळीने भरले होते.

उल्काने तिच्या मानेवर दोन बोटं ठेवली. सगळे थांबले.

"आहे," ती म्हणाली. "जिंदा है. जल्दी करो!"

संध्याकाळी हॉस्पिटलच्या वॉर्डात सृष्टीला बोलता येऊ लागलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं दिली. उल्का स्टूल ओढून जवळ बसली आणि वही न उघडताच म्हणाली, "सावकाश. सुचेल तसं सांग."

"त्यांनी चहा दिला. स्वतः करून," सृष्टी म्हणाली. आवाज खरखरत होता. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, कळलं असेल त्यांना, आणि त्यांनी मनाला समजावलं असेल. मला एवढं बरं वाटलं, मॅडम. मग म्हणाल्या, चल, ट्रंका दाखवते. खाली गेल्यावर डोळे मिटायला लागले. जाग आली तेव्हा अंधार होता."

"चहात झोपेच्या गोळ्या होत्या. त्यांनी कबूल केलंय."

"मी ओरडले. पण दिवसभर ते मशीन. रात्री त्या बाजूला कुणी फिरकत नाही." ती थांबली. तिने छताकडे पाहिलं. "काल संध्याकाळी मशीन थांबल्यावर दाराशी पावलं वाजली. मला पावलं ओळखता येतात त्यांची. मी 'आई' अशी हाक मारली. म्हटलं, आई, पाणी द्या, मी कुणाला काही सांगणार नाही. पावलं दाराशी थांबली. बराच वेळ थांबली. त्यांचा श्वास ऐकू येत होता मला."

"मग?"

"मग त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. नीट लागलंय ना, ते. आणि गेल्या."

वीस वर्षांच्या नोकरीत उल्काने पुष्कळ जबाब घेतले होते. हा लिहून घ्यायला तिने वही उघडली, आणि पेनचं टोपण काढायला तिला वेळ लागला.

"नीरजला माहीत होतं?" सृष्टीने विचारलं.

"नाही. त्याच्या फोनमुळेच मी आले. नाहीतर फाइल बंद झाली असती."

काचेच्या दाराबाहेर नीरज बाकावर बसला होता. दुपारपासून तो तिथेच होता. त्याच्या एका हातात सृष्टीसाठी आणलेल्या शहाळ्याचं पाणी होतं. दुसऱ्या हातात फोन होता, आणि त्यावर पोलीस ठाण्यातून सारखा निरोप येत होता की आई त्याला भेटायला मागते आहे, काही खात नाही आहे. तो दाराकडे बघत होता, फोनकडे बघत होता आणि जागचा हलत नव्हता.

"आत बोलावू त्याला?" उल्काने विचारलं.

सृष्टीने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं.

"त्याने त्याच्या आईला मंगळवारीच सांगितलं असतं तर," ती म्हणाली, आणि तिने वाक्य पुरं केलं नाही. मग तिने सलाइन लावलेला हात चादरीखाली घेतला.

"आज नको, मॅडम," ती म्हणाली. "त्याला घरी जायला सांगा."